कोरडा पाट

तारेवर बसलेल्या कावळ्याला झटका बसत नाही.

*

निमसांगीत खंडेनवमीला माग थांबतात. एरवी खडखडाट गावाच्या कानात इतका मुरलेला असतो, की त्या दिवशी लोक शांततेनं दचकून जागे होतात. माग थांबतात, पण कारखान्याच्या विजेच्या फळ्यावरचा लाल दिवा कुणी विझवत नाही. देवापुढचा दिवा आपण विझवतो का?

*

तांब्याचं ताम्हण. काठावर मसुराच्या डाळीएवढा काळा डाग. चिंच लावून घासलं, राखेनं घासलं, गेला नाही.

*

आवाज मुद्रित करायच्या दिवशी हेमांगी तारळेकरला सर्दी झाली होती. "चालेल मॅडम," काचेपलीकडचा माणूस म्हणाला. "उलट घरातलीच बाई बोलतेय असं वाटतंय."

*

आजोबांचा हातमाग मोडला तेव्हा त्याच्या लाकडाचा एक पाट झाला. सागवानी, जाडजूड. आठवड्यातून एकदा घरातली पोरं त्यावर न्हायला बसायची.

*

अंगातून वीज वाहू लागली, तर माणूस साधारण एका छोट्या दिव्याएवढी वीज खातो.

*

हे सगळे तुकडे एका सकाळी एकाच ठिकाणी आले आणि आप्पासो तारळेकर गेले. ते हेमांगीचे सख्खे काका. तिचे वडील लवकर वारले. त्यानंतर सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून, तिला पुढं बसवून शाळेत सोडणारे ते. निमसांगीत त्यांचा आठ मागांचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या फळ्यापाशीच ते पडले, खंडेनवमीची पूजा करताना. आणि फळ्यात राखण होती.

राखण म्हणजे काय, हे जिथं ती अजून पोचलेली नाही त्यांना सांगायला हवं.

वीज घरात एका तारेनं येते, दिव्यातून, पंख्यातून, मोटरीतून फिरते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. जेवढी आली तेवढी परत गेली, तर सगळं ठीक. कमी परत गेली, तर मध्येच कुठून तरी गळतेय. ओल्या भिंतीतून गळत असेल, फाटक्या वायरीतून गळत असेल, किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात असेल. जमिनीतच का? कारण तिकडं ट्रान्सफॉर्मरपाशी ती परतीची तार जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे आपल्या पायाखालची जमीन हीसुद्धा विजेची परतीची वाटच असते.

ही गळती पकडून वीज तोडणारे खटके जुनेच आहेत. पण मागाच्या कारखान्यात हवा दमट, मोटारी जुनाट, भिंती घामेजलेल्या. थोडी गळती कायमचीच. खटका दिवसातून चारदा पडायचा आणि निम्मं कापड वाया जायचं. निमसांगीत त्या खटक्याला 'जावई' म्हणायचे, कारण तो कशावरूनही रुसायचा. मग एक तारेचा तुकडा आडवा जोडून जावयाला झोपवायचं. सगळ्यांनीच झोपवला होता. माणसं मरायची ती त्यामुळं.

राखणीनं ते बदललं. राखण तारेतून सतत एक कुजबुज सोडते, बारीक बारीक वेगवेगळ्या कंपनांची. ओली भिंत सगळ्या कंपनांना जवळपास सारखंच उत्तर देते. माणसाची कातडी तसं देत नाही. ती खालच्या कंपनांना अडवते, वरच्यांना आत शिरू देते. त्यावरून राखण ओळखते, की गळती भिंतीतून आहे का माणसातून. भिंतीतून थोडीशी असेल, तर ती चालू देते. माणसातून असेल, तर पापणी लवायच्या आत तोडते. गळती मोठी असेल, तर विचारत बसतच नाही, तोडते. आणि गळती नसेलच, तर तिला विचारण्यासारखं काही नसतं.

राखण आल्यापासून निमसांगीत विजेनं कुणी मेलं नव्हतं. 'राखण चुकत नाही' ही म्हण नव्हती, पण होत आली होती.

शिवाय राखण बोलायची. फळ्याचं दार उघडलं, ओल्या हातानं खटका दाबला, जास्त भार टाकला, की आधी नियम सांगायची आणि मग त्याचं कारण. ती कारणं हेमांगीनं लिहिली होती. आवाजही तिचाच, सर्दीतला.

*

ती कारणं लिहिली जायचं कारणही आप्पाच.

चौंडेश्वरीच्या देवळाच्या हॉलमध्ये सभा होती. हेमांगी वीज कंपनीच्या लोकशिक्षण विभागातर्फे आली होती. पडद्यावर चित्रं लावून सांगत होती, हे करू नका, ते करू नका. मागच्या रांगेतून आप्पा उठले. एरवी सख्खी पुतणी, पण सभेत ताई.

"ताई, हात लावू नका हे माझ्या बापानंबी सांगितलं हुतं. का, ते त्यालाबी ठावं नव्हतं. तुमच्या सायबाला ठावं हाय का?"

हॉल हसला. साहेब, म्हणजे हेमांगीचे वरिष्ठ वाघमोडे, पहिल्याच खुर्चीत बसले होते. तेही हसले.

"आहे की, आप्पा."

"मग त्ये सांगा! नियम काय, सायबाच्या गाडीसंगं येतो आन् गाडीसंगंच जातो. कारण मातूर घरात ऱ्हातंय."

परतीच्या वाटेवर वाघमोडे म्हणाले, "तुझा काका बोलला छान. पण लक्षात ठेव हेमांगी, नियम माहीत असतो तोवर माणूस गडी असतो. कारण कळलं की वकील होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'हे कारण मला लागू नाही' असं म्हणायला शिकतो."

तिला ते साहेबी बोलणं वाटलं. वरून परवानगी मिळवायला तिनं वर्ष घालवलं आणि शेवटी मिळवली. एक-एक कारण ती घासूनपुसून लिहू लागली. पुस्तकी शब्द नको, आकडे नको, आप्पांना सांगतोय असं समजून लिहायचं. फळ्याचं दार उघडल्यावर बोलायचं कारण तिनं असं लिहिलं:

'मेन बंद केल्याशिवाय आत हात घालू नका. का? तुमच्यातून वीज जमिनीत जाते. तारेवर बसलेल्या कावळ्याला झटका बसत नाही, कारण त्याच्यातून वीज जमिनीत जाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या तारेला त्याचा पंख लागलेला नसतो.'

चाचणीला बसवलेली माणसं शेवटापर्यंत ऐकेनात. 'पंख' यायच्या आत त्यांचं लक्ष उडायचं. एका श्वासात बसलं पाहिजे, असं ठरलं होतं. हेमांगीनं 'शकत नाही'च्या पुढचा स्वल्पविराम काढला आणि तिथं पूर्णविराम दिला.

वाक्य गोळीबंद झालं. पुढं त्या वाक्याचं कौतुकही झालं, आणि तिनं ते घेतलं.

*

"प्रमोद, तू ताईला चहा दे. मी त्याच्या हातनं काय मागणार न्हाई," आप्पांच्या पत्नी सुलाकाकू भिंतीकडं बघत म्हणाल्या. पहिलं वाक्य मुलाला, दुसरं त्याच्याचबद्दल, एकाच दमात.

आप्पांना जाऊन तीन दिवस झाले होते. प्रमोद, आप्पांचा एकुलता एक मुलगा, चहाचा कप ठेवून बाहेर निघून गेला.

"काकू, असं काय करता?"

"काय करू? राखण चुकत न्हाई असं तूच म्हणतीस न्हवं? मग त्यानंच झोपवली आसंल. पहिल्या जावयालाबी त्यानंच झोपवलं हुतं. बापानं तवाच कानफाडलं हुतं त्याला."

"तेव्हा सगळ्या गावानंच झोपवलं होतं."

"गावाचा बाप न्हाई गेला."

स्वयंपाकघरात कुणीतरी आलेल्यागेलेल्यांसाठी विजेची मोठी किटली लावली. भार वाढला आणि भिंतीवरून हेमांगीचा आवाज आला, नाकातला, प्रेमळ: "एका खटक्यावर एवढा भार नको. का? वायर तापते…"

माजघरातल्या बायकांनी आधी हेमांगीकडं पाहिलं, मग भिंतीकडं. हेमांगीनं कप खाली ठेवला. त्या घरात ती एकाच वेळी दोन ठिकाणी बसली होती आणि दोन्हीकडं नकोशी होती, असं तिचं तिला वाटलं.

"काकू, नेमकं काय झालं सकाळी?"

"काय हुनार? अंघोळ करून ह्ये कारखान्यात गेले. मागांची पूजा केली, धोट्यांना हळदकुंकू वाहिलं. मग फळा उघडला. फळ्यालाबी गंध लावायचं, ही आपली रीतच."

"मेन बंद नाही केला?"

"दिवा विझवून पूजा?" काकूंनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "कारखान्यातच वाढलीस न्हवं तू? तुझ्या आज्यानं कधी विझवला हुता?"

नव्हता. यंत्र जागं असताना पुजायचं. लाल दिवा म्हणजे त्याचा उघडा डोळा. हे हेमांगीला ठाऊक होतं आणि कारणं लिहिताना ती हे विसरली होती.

"यंदा पाट घेतला त्यांनी," काकू म्हणाल्या. "न्हायचा पाट. दरसाल अनवाणी ऱ्हात्यात उभं, यंदा म्हणाले, पाटावर ऱ्हातो. कशापायी म्हणून ईचारलं, तर हसले नुसते."

पाटाचं ऐकून हेमांगीला काहीतरी आठवू लागलं. ते काय आहे ते पाहायला ती तयार नव्हती. चहा निवत होता तो तिनं एका घोटात संपवला.

*

कारखान्यात तपासनीस चौगुले फळ्याचं दार मोहोरबंद करत होते. चाळिशीचा, सौम्य माणूस. बोलताना टोपी काढून हातात घेणारा.

"राखण ठणठणीत आहे, ताई. मेन चालू करून चाचणी घेतली, पहिल्या फटक्यात तिनं वीज तोडली. म्हणजे त्या वेळेला कुणीतरी झोपवली असणार आणि मागाहून तार काढून घेतली असणार. मी तसं ठामपणे म्हणत नाही. पण पोलीस विचारणारच."

"त्या वेळेला राखणीनं काय पाहिलं?"

"काहीच नाही. गळती शून्य. माग बंदच होते. फक्त एक छोटा दिवा लागला आणि थोड्या वेळानं विझला. पूजेला लावला असेल."

हेमांगीनं शेडभर नजर फिरवली. मागांवर झेंडूच्या माळा सुकत होत्या. तेलाची समई होती. छोटा दिवा नव्हता. कुठंच नव्हता.

फळ्याच्या कडेला भिंतीला टेकून पाट उभा होता. खाली ताम्हण पालथं पडलेलं. तिनं ते उचललं. काठावर काळा डाग.

त्या सकाळी आप्पांच्या डाव्या हातात ताम्हण. उजव्या हाताच्या बोटाला ओलं कुंकू. बोट येणाऱ्या तारेच्या टोकावर, ताम्हणाचा काठ परतीच्या तारेच्या उघड्या पट्टीवर. वीज एका हातानं आली, छातीतून गेली, दुसऱ्या हातानं परत गेली. जेवढी आली तेवढीच. पायातून जमिनीत काही गेलं नाही, कारण पायाखाली पाट होता. अनवाणी फरशीवर उभे असते, तर थोडी तरी जमिनीत गेली असती आणि तेवढी राखणीला पुरली असती. पाटानं राखणीचे डोळे बांधले. राखणीच्या लेखी तिथं माणूस नव्हताच.

दिवा होता. लागला, विझला.

आणि मग तिला तो फोनही आठवला, जो ती आठवायला तयार नव्हती. राखण नवी नवी बसली तेव्हाचा. आप्पा खुशीत होते. "हेमे, तुझं ऐकून ऐकून बायकोचं ऐकायचं बंद झालं बघ माझं! त्ये कावळ्याचं तर लई भारी. म्हंजे आपुन कोरड्या पाटावर उभारलो, की कावळाच की!"

तिच्या दाराशी कुणीतरी कागद घेऊन उभं होतं. ती हसत म्हणाली होती, "अगदी बरोबर, आप्पा. शंभर टक्के."

"काही सांगायचंय का, ताई?" चौगुल्यांनी विचारलं.

"नाही," हेमांगी म्हणाली.

*

वाघमोड्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'मी म्हणालो होतो' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"ते वाक्य काढ," ते म्हणाले. "आजच काढ. आणि गाजावाजा नको."

"पण प्रमोदवर संशय आहे, सर."

"पुरावा नाही, सुटेल तो. पण तू हे बोललीस, तर वरचे काय करतील? एक वाक्य दुरुस्त करतील? सगळी कारणं बंद करतील. पुन्हा आपलं 'हात लावू नका'. तुझ्या कारणांनी किती माणसं जगली ते कुणाला मोजता येत नाही, हेमांगी. गेलेला एक मोजता येतो."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते ऐकणं सोपं गेलं.

तिनं टेबलाशी बसून नवं वाक्य टाकलं. कावळा गेला. त्याच्या जागी आलं, 'वीज कोणत्याही वाटेनं परत जाऊ शकते.' बटण दाबल्यावर पडद्यावर हिरवी खूण आली. त्याच दुपारी लाखो घरांतून कावळा उडाला. कुणाला काही कळलं नाही. आप्पांच्या कारखान्यातली राखण तेवढी चौगुल्यांनी बंद करून ठेवलेली होती. जुनं वाक्य फक्त तिच्या पोटात राहिलं.

त्या आठवड्यात हेमांगी फार कामसू झाली. सगळी कारणं पुन्हा वाचून काढली, तीन ठिकाणी शब्द बदलले. जेवताना भाजी वाढून घ्यायची आणि तशीच ठेवायची. आपण एक चूक केली होती, असं ती मनाशी म्हणायची. मग तिच्या ध्यानात यायचं की चूक तेव्हाची होती. आता चाललंय ते वेगळं आहे, आणि त्याला चूक म्हणत नाहीत.

*

प्रमोद कोल्हापूरला तिच्या कचेरीत आला. दाढी वाढलेली, डोक्याचे नुकतेच काढलेले केस खुंटासारखे. खुर्चीच्या कडेवर बसला.

"पोलिसांनी दोनदा बोलावलं. त्याचं काय न्हाई. विचारतील, सोडतील." त्यानं हात चोळले. "आई ताट वाढती आणि निघून जाती गं. मी बसलो की ती उठती. मी एवढंच म्हणतोय ताई, तू तिला सांग, राखणबी चुकू शकती. यंत्रच हाय ते. तू सांगितलंस तर तिला पटंल."

"राखण चुकली नाही, प्रमोद."

त्यानं मान खाली घातली. "म्हंजे तुलाबी वाटतंय."

"नाही. तसं नाही." तिचा आवाज तिला भिंतीवरून आल्यासारखा ऐकू आला. "मी बघते. येते मी."

तो उठला. दारापाशी थांबला. "आणि एक. घरातली राखण कावळ्याचं बोलंना झालीय. तुमच्याकडनंच काय केलंय का? फळा उघडला की आप्पा तिच्यासंगं म्हणायचे ते. पाठच झालं हुतं त्यांना. म्हणायचे आणि एकटेच हसायचे." तो ओशाळं हसला. "परवा मी मुद्दाम उघडला फळा. म्हटलं, तेवढंच ऐकू यील. तर काय तरी दुसरंच बोलली."

तो गेला. मग तिनं चौगुल्यांना फोन लावला.

*

दुपारी तीनचं ऊन शेडच्या पत्र्यावर होतं. चौगुले, प्रमोद आणि सुलाकाकू. काकू दाराच्या उंबऱ्यावर बसल्या, मुलापासून जितक्या लांब बसता येईल तितक्या लांब.

"मोहोर काढा," हेमांगी म्हणाली. "राखण चालू करा. पण बाहेरच्या जगाशी जोडू नका. नाहीतर ती नवं शिकेल."

चौगुल्यांनी दार उघडलं. बंद शेडमध्ये सर्दीतला आवाज घुमला:

"मेन बंद केल्याशिवाय आत हात घालू नका. का? तुमच्यातून वीज जमिनीत जाते. तारेवर बसलेल्या कावळ्याला झटका बसत नाही, कारण त्याच्यातून वीज जमिनीत जाऊ शकत नाही."

प्रमोदचा चेहरा उजळला, मग कसनुसा झाला.

"आता मेन बंद कर, प्रमोद," हेमांगी म्हणाली. त्यानं केला. लाल दिवा विझला. काकूंच्या तोंडून "अगं" असं निघालं. तिनं तिकडं पाहिलं नाही. टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली, मग पाट फळ्यापुढं आडवा टाकला. त्यावर पोर्सेलिनचा होल्डर ठेवला, त्यात छोटा दिवा. होल्डरची एक वायर येणाऱ्या तारेला जोडली, दुसरी परतीच्या पट्टीला. सगळे मागं सरले.

"चालू कर."

पाटावरचा दिवा लागला. शांतपणे जळत राहिला. राखण काही बोलली नाही, काही तोडलं नाही.

"हा दिवा म्हणजे आप्पा," हेमांगी म्हणाली.



पुन्हा मेन बंद. तिनं दुसरी वायर परतीच्या पट्टीवरून काढली आणि जमिनीत गाडलेल्या तारेला जोडली. "चालू कर." प्रमोदनं खटका वर केला आणि त्याच क्षणी खट्! राखणीनं तोडलं. दिव्याला लुकलुकायलाही वेळ मिळाला नाही.

चौगुल्यांनी टोपी काढली. त्यांना कळलं होतं. "गळतीच नव्हती," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तेव्हाचा तो छोटा दिवा…"

"कुणी राखण झोपवली नव्हती," हेमांगी म्हणाली. ती आता उंबऱ्याकडं वळून बोलत होती. "प्रमोदनं कशालाही हात लावला नाही, काकू. आप्पा पाटावर उभे राहिले, कारण मी सांगितलं. ह्या आवाजात सांगितलं. आणि फोनवरही सांगितलं, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, पाटावर उभा राहिलो की मी कावळाच की? मी म्हटलं, शंभर टक्के. कावळा वाचतो ते दोन कारणांनी. जमिनीला टेकत नाही म्हणून, आणि दुसऱ्या तारेला शिवत नाही म्हणून. पाटावर उभं राहून माणूस दोन्ही तारांना शिवला, तर पाट त्याला वाचवत नाही. आणि पाट असल्यामुळं राखणही वाचवत नाही."

काकूंनी पाटावरच्या विझलेल्या दिव्याकडं पाहिलं.

"म्हंजे तू लिवलंस ते खोटं हुतं?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं."

"उरलेलं ठावं नव्हतं तुला?"

"ठाऊक होतं. लिहिलंही होतं. मग काढून टाकलं."

"का?"

आयुष्यभर हेमांगीनं लोकांना त्याच शब्दाचं उत्तर दिलं होतं.

"ऐकणाऱ्यांना कंटाळा यायचा म्हणून."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांना आला असता का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "सांग की. तुझं बोलणं ऐकायचा त्यांना कंटाळा आला असता का?"

हेमांगीनं मान हलवली. नाही.

काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. हेमांगीच्या जवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत. प्रमोदपाशी गेल्या. तो अजून खटक्याजवळ उभा होता, लहान पोरासारखा, हात खाली सोडून. त्यांनी त्याच्या डोक्यावरच्या खुंटांवरून तळवा फिरवला, एकदा उलटा, एकदा सुलटा.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"न्हाई काय."

"चल मग."

दोघं बाहेर उन्हात गेली. ये म्हणून हेमांगीला कुणी म्हणालं नाही, आणि जा म्हणूनही नाही. चौगुले तिचा जबाब घ्यायला लागले तेव्हा तिनं ते वाक्य पूर्ण सांगितलं, पंखासकट.

*

वाघमोड्यांचा अंदाज बरोबर ठरला. राखण आता फक्त नियम सांगते. 'हात लावू नका.' कुणाचा तरी आवाज आहे, स्वच्छ, सर्दी नसलेला. लहान मुलं 'का?' म्हणून विचारतात आणि फळा गप्प बसतो.

हेमांगीनं ती नोकरी सोडली नाही, कारण सोडणं सोपं झालं असतं. ती आता देवळांच्या हॉलमधून, शाळांमधून, सूतगिरणीच्या फाटकाशी उभी राहून बोलते. एकेक कारण शेवटापर्यंत सांगते. वाक्य लांबतं. लोक जांभया देतात, घड्याळ बघतात, मागच्या मागं उठून जातात. ती एक शब्द कापत नाही. 'पाटावर उभा राहिलो तर?' असं कुणी विचारलं, की ती थांबते, पाणी पिते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.

निमसांगीला ती दिवाळीला गेली होती. काकूंनी तिला जेवायला वाढलं. चटणी वाढली, भाकरी वाढली, आणखी घे म्हणाल्या नाहीत. ताम्हण देवघरात जागेवर होतं. पाट कुठं दिसला नाही आणि तिनं विचारलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी, अंघोळीला जायच्या आधी, आप्पांनी पाट अंगणात नेऊन उन्हात उभा केला होता आणि तो दोन्ही बाजूंनी वाळवून घेतला होता.